निघताना काय म्हणाले?

सोनवणे सरांना एका बाईला एक गोष्ट सांगायची होती. गोष्ट दोन-तीन वाक्यांचीच होती, पण ती सांगायचा धीर गोळा करण्यात त्यांची उभी नोकरी गेली. हे मला कळलं तेव्हा ते निवृत्तीला आले होते. त्याआधीची सगळी वर्षं मी, आमचा विभाग आणि बारामती एमआयडीसीतले निम्मे कारखानदार त्यांना चक्रम समजत आलो होतो.

चक्रम म्हणायला कारणंही होती. आमच्या संस्थेत ते एमबीएच्या पोरांना संशोधनपद्धती शिकवायचे. हा विषय पोरांना कारल्यासारखा. वर्गाची खिडकी पार्किंगकडे उघडायची. बाहेर कुणी मोटारसायकल चालू ठेवून नुसतं उभं राहिलं, की सर शिकवता शिकवता थांबायचे. वाक्य अर्धं, खडू हवेत. गाडी निघून जाईपर्यंत ते तसेच खिडकीकडे बघत उभे राहायचे, आणि ती गेली की त्याच शब्दापासून पुढे सुरू. पोरांना हे कळायला वेळ लागला नाही. ज्या दिवशी तास नको असेल त्या दिवशी एकजण खाली जाऊन गाडीला किक मारायचा आणि आरामात मोबाईल बघत बसायचा. एकदा शिपाईमामांनी त्या पोराला कानाला धरून वर आणलं. सर त्याला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "गाडी बंद करून उभा राहत जा रे बाबा." आवाज असा, की पोरगंच ओशाळलं. पुन्हा कुणी ती चेष्टा केली नाही.

माझी आणि त्यांची पहिली गाठ पडली ती मी त्यांची विद्यार्थिनी असताना. पिंपळीच्या शेतकऱ्याची पोरगी, घरात पहिलीच एमबीए, त्यामुळे अंगात जरा ताठाच होता. 'कामाच्या ठिकाणची मनोवृत्ती' असा भारदस्त विषय घेऊन मी एका फाउंड्रीत प्रश्नावली वाटली. पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. उत्तरं आली ती पाहून मी हरखले. वरिष्ठ आमचं म्हणणं ऐकून घेतात : पूर्ण सहमत. कामाचा ताण नाही : पूर्ण सहमत. नवीन कल्पना सुचवायला वाव आहे : पूर्ण सहमत. भट्टीपाशी घामानं निथळणारी ती माणसं इतकी सुखी असतील असं मला वाटलं नव्हतं. छान रंगीत तक्ते काढून मी सरांपुढे ठेवले.

सरांनी तक्ते उघडलेसुद्धा नाहीत. "निघताना काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"कोण सर?"

"ती माणसं. तू कागद गोळा करून निघालीस, तेव्हा काय म्हणाली?"

मी म्हटलं, काही नाही, परत या म्हणाले. सर उठले, म्हणाले, चल. स्कूटरवर मला मागे बसवून त्याच फाउंड्रीवर घेऊन गेले. सुट्टीची वेळ होती. सर फाटकाबाहेरच्या चहाच्या गाड्यापाशी जाऊन उभे राहिले. वही नाही, पेन नाही. थोड्या वेळानं माने नावाचे एक वयस्कर कामगार बाहेर आले. मला बघून हसले आणि जवळ येऊन हळूच म्हणाले, "झाली का गं बाय पास?"

मी म्हटलं, म्हणजे?

"आवं म्हंजी, आमी समद्यांनी येकदम वरचीच खूण केली की. म्या पोरांस्नी सांगितलं, पोरगी पिंपळीची हाय, आपल्यातली हाय. कुणी न्हाय-बिय लिवू नगा, फुकाट नापास व्हईल."

ती सगळी प्रश्नावली म्हणजे माझा पेपर आहे, आणि खालच्या रकान्यात खूण केली की माझे मार्क कापले जातात, अशी त्या अख्ख्या फाउंड्रीची समजूत झाली होती. माणसं सुखी नव्हती, मायाळू होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता हे सर वर्गात दहा वेळा रंगवून सांगणार, असं मी धरून चालले होते. पण त्यांनी तो किस्सा कधीच कुणाला सांगितला नाही. परतताना स्कूटरवर मात्र मान मागे वळवून म्हणाले, "आपल्याकडं पाहुण्याला वाईट उत्तर देत नाहीत, जगताप. पाहुण्याला दिलेलं उत्तर खरं धरायचं नाही."

मग मीही त्याच संस्थेत नोकरीला लागले, त्यांच्या शेजारच्या टेबलावर. त्यामुळे तो एक प्रश्न मी हजार वेळा ऐकला असेन. कुणीही मुलाखत घेऊन येवो, सरांचं ठरलेलं, "आणि निघताना काय म्हणाले?" त्यांचं म्हणणं असं, की वही मिटली की माणूस बोलायला लागतो. चपला घालताना, पाणी देताना, गाडी काढताना, तेवढ्यात जे येतं ते खरं. त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारी पोरं वैतागायची. मुलाखत तासाभराची, आणि सर विचारणार शेवटच्या मिनिटाचं. एका पोरानं चक्क खोटं रचून सांगितलं, की निघताना मालक म्हणाले, धंद्यात राम राहिला नाही. सर म्हणाले, "कुठं उभे होते?" पोरगं म्हणालं, "केबिनमध्येच." "मग ते निघताना नव्हे," असं म्हणून सरांनी त्याला परत पाठवलं. पाहुण्याला फाटकापर्यंत सोडायला माणूस येतो, आणि केबिन व फाटक यांच्यामधल्या त्या वाटेवर त्याचा जीव मोकळा होतो, हा त्यांचा सिद्धांत. पुस्तकात तो कुठे नाही.

कन्हेरीच्या तात्यांच्या कारखान्यात मात्र हा सिद्धांत मी प्रत्यक्ष चालताना पाहिला. तात्यांचा ठिबक सिंचनाचे सुटे भाग बनवायचा कारखाना. आधी गोठ्यात सुरू केला, मग शेड, मग एमआयडीसीत प्लॉट. मुलगा पुण्याहून शिकून आला आणि त्याच्या डोक्यात ज्ञान व्यवस्थापन शिरलं. म्हणजे असं, की जुने कामगार निघून गेले की त्यांच्या डोक्यातलं त्यांच्याबरोबर जातं, ते आधीच काढून संगणकात भरून ठेवायचं. कल्पना चांगली होती. पोरानं सॉफ्टवेअर घेतलं आणि रोज प्रत्येकानं आपल्याला काय कळलं ते लिहायचं असा नियम केला. महिनाभरानं उघडून बघतो तर रोज, प्रत्येकाच्या नावापुढे, 'सर्व ठीक आहे'. तात्या पोराला म्हणाले, "व्हय रं, सर्व ठीक हाय ह्ये ऐकायला येवढं पैशे घातलं?" मग आम्हाला बोलावणं आलं.

सरांनी कारखाना बघितला आणि फक्त दुचाकी लावायच्या जागेजवळ एक बाक टाकायला सांगितलं. तात्यांनी तिथं सुटीच्या वेळेला यायचं. काही विचारायचं नाही, नुसतं बसायचं.

"म्या मालक, आन गाड्या राखत बसू?" तात्या म्हणाले.

"एक पंधरवडा बसा," सर म्हणाले.

तात्या बसले. पहिले काही दिवस कामगार त्यांना नमस्कार करून गुपचूप सटकत. मग एकजण किक मारता मारता म्हणाला, तात्या, दोन नंबरच्या साच्यातला माल दुपारनंतर वाकडा निघतोय, गार करायचं पाणीच गरम व्हतंय. दुसऱ्यानं सांगितलं, पॅकिंगच्या बाया सांच्याला उजेड कमी पडतो म्हणून माल अंदाजानं भरतात. तात्यांना बाकावरून उठवेना. वर्षभरात त्यांनी नाही-नाही म्हणता अर्धा कारखाना दुरुस्त केला आणि पोराचं सॉफ्टवेअर हजेरीपुरतं ठेवलं. सगळ्या गावाला ते सांगायचे, आमच्या सरांचं बाक बघायला या.

त्या बाकाजवळच मी सरांचं दुसरं एक रूप पाहिलं. आम्ही तात्यांबरोबर उभे होतो. एक पोरगेलासा कामगार गाडी चालू करून जवळ आला, म्हणाला, वरच्या जिन्याचा कठडा हलतोय. आणि मग लगेच, "काय न्हाय, सहज सांगितलं," असं म्हणून निघू लागला. सरांनी त्याचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की पोरगा घाबरला.

"सहज कुणी सांगत नसतं," सर म्हणाले. "गाडी बंद कर. कुठला कठडा? दाखव. आत्ता दाखव."

तात्या म्हणाले, "आवं सर, बघतो की उद्या मिस्तरी आणून." सर ऐकेनात. त्या पोराला घेऊन ते जिन्यावर गेले, कठडा हलवून बघितला, सुतळीनं जिना दोन्हीकडून बांधून बंद केला आणि मगच खाली आले. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. ओठ पांढरे पडले होते. तात्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सरांना कशाचं भ्या हाय का?" मी म्हटलं, ते तसेच आहेत.

ते तसे का आहेत, हे मात्र आमच्यातल्या कुणीच त्यांना विचारलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती. इंदापूरच्या बाजूला काही काम निघालं, की सर आमच्याबरोबर निघायचे आणि वाटेतल्या जंक्शन गावच्या चौकात गाडी थांबवायला सांगायचे. म्हणायचे, तुम्ही पुढं जाऊन या, मी इथं चहा घेतो. आम्ही जाऊन, चार-पाच मुलाखती उरकून परत येईपर्यंत ते त्याच टपरीवर त्याच स्टुलावर बसलेले असायचे. टपरीवाल्याला तर ते पाठच झाले होते. तो एकदा मला म्हणाला, "मॅडम, ह्ये सर एकटं बी येत्यात हितं. बसत्यात, इंदापूरच्या रस्त्याकडं बघत्यात, आन माघारी जात्यात. कुणी व्हतं का त्येंचं तिकडं?" मला वाटलं, असेल एखादं जुनं प्रेमप्रकरण. मी विभागात तसं बोललेही, आणि आम्ही चहाबरोबर ते चघळलं.

सर कऱ्हाटीचे. त्यांच्या वस्तीत त्यांच्याआधी कुणी डॉक्टरेट केली नव्हती. पदवी मिळाली त्या दिवशी वस्तीनं विहारापुढे मांडव घातला होता, त्यांच्या आईनं अख्ख्या वस्तीला बुंदी वाटली होती, हे त्यांच्या चुलत भावानं मला सांगितलेलं. सर स्वतः त्यावर बोलायचे नाहीत. त्यांचा प्रबंध मात्र आमच्याकडे नावाजलेला होता. एका दूध प्रकल्पातल्या कामगारांच्या समाधानावरचा. निवृत्ती जवळ आली तसं संचालकांच्या मनात आलं, की सरांचा सत्कार करू आणि त्यानिमित्त तो प्रबंध पुस्तकरूपानं काढू. हे सांगायला मला पाठवलं.

सर कँटीनमध्ये एकटे बसले होते. माझं बोलणं होऊ दिलं. मग म्हणाले, "ते पुस्तक खोटं आहे, जगताप."

मी हसले. म्हटलं, सर, तुमची आकडेवारी तर आम्ही नमुना म्हणून शिकवतो.

"आकडे खरे आहेत. एकही आकडा मी मनचा लिहिला नाही," ते म्हणाले, आणि कपातल्या थंड चहाकडे बघत त्यांनी मला सगळं सांगितलं. ते सांगत असताना मध्येच कऱ्हाटीची भाषा त्यांच्या तोंडात यायची, ती मी पहिल्यांदाच ऐकत होते.

इंदापूरच्या अलीकडचा तो प्रकल्प. सर तेव्हा तरुण होते. व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये एकेका कामगाराला बोलावून प्रश्न विचारायचे. महादेव नावाचा एक कामगार होता, सरांच्याच वयाचा. त्यानंही इतरांसारखीच सगळी गोड उत्तरं दिली. त्या दिवसाचं काम संपलं, सरांची एसटी चुकत होती, म्हणून तोच त्यांना आपल्या मोटारसायकलवर इंदापूर स्टँडवर सोडायला आला. सर उतरले. महादेवनं गाडी बंद केली नाही. तशीच चालू ठेवून, हँडलवर वाकून म्हणाला, "सर, ती सांडपाण्याची टाकी हाय ना मागं, ती धुवायला आत उतरायचं म्हनलं की माजा जीव घाबरा व्हतो. तळाला गेलं की गरगरतंय. दोगा-तिगांना झालंय तसं." सर काहीतरी बोलणार, तेवढ्यात एसटी लागली. महादेव म्हणाला, "काय न्हाय, सहज सांगितलं. बसा तुमी." आणि सर बसले.

"लिहायचं की नाही, यावर मी रात्रभर विचार केला," सर म्हणाले. "मुलाखत संपली होती. त्यानं केबिनमध्ये सांगितलं नव्हतं. पद्धतीत बसत नव्हतं. मार्गदर्शकांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, सोडून द्या. आणि खरं सांगू का, व्यवस्थापकाला सांगितलं असतं तर त्यानं मला उरलेल्या मुलाखती घेऊ दिल्या नसत्या. माझा प्रबंध अडकला असता. आई तारखा मोजत होती. म्हणून म्या नियम पाळला."

प्रबंध पूर्ण झाला. कामगार समाधानी आहेत असा निष्कर्ष निघाला. पदवी मिळाली, मांडव सजला, बुंदी वाटली. त्यानंतर थोड्याच दिवसांत महादेव त्या टाकीत उतरला आणि वर आलाच नाही. सरांना हे एसटीत मागच्या बाकावर चाललेल्या गप्पांतून कळलं.

मी म्हटलं, सर, तुम्ही सांगितलं असतं तरी त्यांनी काही केलं असतंच असं नाही.

"बरोबर आहे," सर म्हणाले. "ते मीही स्वतःला रोज सांगतो. पण तो ऐकत नाही. गाडी चालू ठेवून उभा राहतो." आणि मग म्हणाले, "त्याची बायको अजून तिथंच राहते. तिला एकदा सांगायचंय, की तुझ्या नवऱ्यानं मला आधी सांगितलं होतं. मग ती मला काय म्हणायचं ते म्हणू दे. शिव्या देऊ दे. एवढं झालं की मी मोकळा. इतक्या वर्षांत जंक्शनच्या पुढं पाय गेला नाही. येशील का माझ्याबरोबर?"

मला त्या क्षणी त्यांचा रागही आला होता, हे लपवत नाही. मग त्यांचे हात दिसले, कपाभोवती गच्च धरलेले, आणि राग टिकला नाही. मी हो म्हटलं.

त्याच आठवड्यात, रविवारी सकाळी आम्ही माझ्या गाडीतून निघालो. सरांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. वाटेत ते ओठांत काहीतरी पुटपुटत होते. बोलायची वाक्यं घोकत असावेत. जंक्शन आलं तसा मी वेग कमी केला. टपरीवाल्यानं ओळखून हात वर केला. सर म्हणाले, "थांबू नको." उसाच्या बैलगाड्या होत्या पुढे, त्यांच्या मागून आम्ही हळूहळू गेलो, आणि ते पूर्ण वेळ समोरच्या काचेतून बघत राहिले.

महादेवचं घर शोधायला त्रास पडला नाही. शेताच्या कडेला दोन खोल्या, पुढे पत्रा, दारात शेवग्याचं मोठं झाड. शालनबाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. पन्नाशी उलटलेल्या, सडसडीत. सरांनी हात जोडले. म्हणाले, "वहिनी, मी सोनवणे. बारामतीहून आलोय. फार वर्षांपूर्वी प्रकल्पावर माणसांना प्रश्न विचारायला..."

सूप खाली ठेवून त्या उठल्याच. "सोनवणे सर? बारामतीचं? आवं, या की! बसा. तुमचं नाव आमच्यात लई येळा घेतलं म्हनायचं."

सर बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी घोकलेलं वाक्य सुरू केलं. "वहिनी, महादेवनं मला त्या टाकीचं..."

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या.

शालनबाईंनी आतून तांब्या आणला, आमच्या हातात पाणी दिलं आणि उंबऱ्यावर बसून अगदी मायेनं बोलायला लागल्या.

"त्या दिवशी तुमाला गाडीवर सोडून आला न्हवं का, तर हसतच आत आला. म्हनला, शालन, सांगितलं आज. शिकल्याल्या मानसाला सांगितलं. त्येंचं पुस्तक व्हनार हाय, त्यात येतंय आता ह्ये. मग मालकाला टाकीचं कायतरी करावंच लागंल. त्याच्या आदी, सर, त्येचा रोज एकच घोर. काम सोडतो म्हनायचा. माज्या भावाकडं जाऊन वाट्यानं शेत करायचं ठरलं व्हतं, बोचकं बी बांधून ठिवलं व्हतं म्या. तुमाला सांगितलं आन मग ऱ्हायला. म्हनला, आता कशाला सोडायचं? तुमच्यामुळं त्येचं तेवढं दिस तरी बिनघोर गेलं. निवांत झोपायचा. त्येचं उपकार हायेत तुमचं."

अंगणात कोंबड्या ज्वारीवर तुटून पडल्या होत्या. कुणी त्यांना हाकललं नाही. मी सरांकडे बघायचं टाळत होते, आणि बघितलं तेव्हा ते तांब्या दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे होते. शिव्या खायची तयारी करून आलेला माणूस. आभार मानले तर काय करायचं, हे त्यांनी घोकलं नव्हतं.

शालनबाईंनी सहजच विचारलं, "आलं का मग ते पुस्तकात?"

त्या वेळी सर हो म्हणाले असते तर मी त्यांना दोष दिला नसता. कुणाला कळणार होतं? त्या माउलीला पुस्तक वाचायचं नव्हतं. पण सर म्हणाले, "न्हाय वहिनी. म्या लिवलं न्हाय. आन कुनाला सांगितलं बी न्हाय."

शालनबाईंनी पदराच्या टोकानं सूप पुसलं, जे पुसायची काही गरज नव्हती. मग म्हणाल्या, "आसू द्या. तुमाला बी घाई आसंल."

एवढंच. आवाज चढला नाही, पडला नाही. उठून त्यांनी आकडी घेतली आणि शेवग्याच्या शेंगा काढू लागल्या. सर नको नको म्हणत होते, त्यांनी ऐकलं नाही. दारी आलेला माणूस रिकाम्या हातानं कसा जाईल? चांगली मोठी जुडी काढली, सुतळीनं बांधली, सरांच्या हातांवर आडवी ठेवली. आणि पाठमोऱ्या आत गेल्या.

परत येताना सरांनी ती जुडी मागच्या सीटवर ठेवू दिली नाही. मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, "तिनं असू द्या म्हटलं ना?"

"हो सर."

"तू ऐकलंस ना?"

"ऐकलं सर."

अंथुर्ण्याच्या पुढे पुन्हा विचारलं, "असू द्या, असंच म्हणाली ना?" मी पुन्हा हो म्हटलं. पाहुण्याला दिलेल्या उत्तराची किंमत बारामतीत त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती. ज्यानं आम्हाला आयुष्यभर हे एकच शिकवलं, तो माणूस मला विचारत होता, की मी ते उत्तर खरं धरू का. मलाही ठाऊक नव्हतं. मी गाडी चालवत राहिले आणि डोळे पुसायला आरशाचा बहाणा केला.

त्यांच्या घरासमोर गाडी थांबवली तेव्हा उन्हं तापली होती. सरांच्या पत्नी मुलीकडे पुण्याला गेलेल्या, दाराला कुलूप. सर जुडी सांभाळत उतरले. शेंगा लांब, दोन्हीकडून लोंबणाऱ्या, कोवळी टोकं शर्टात अडकलेली. किल्ली खिशात होती आणि हात मोकळे नव्हते.

"सर, इकडे द्या, मी धरते," मी म्हटलं.

"असू दे," ते म्हणाले. "जा तू."

सत्कार त्यांनी घेतला नाही. निवृत्तीच्या आधीची उरलेली रजा टाकून ते कऱ्हाटीला गेले आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथंच गेले. मी अंत्यविधीला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यामुळे मला ते आठवतात ते त्या दुपारचेच. गल्लीच्या टोकाला गाडी वळवताना मी मागे बघितलं. सर अजून कुलपापुढे उभे होते, शेंगा दोन्ही हातांवर धरून. पायरीवर त्या सहज ठेवता आल्या असत्या, पण त्यांनी त्या खाली ठेवल्या नव्हत्या.